फाइल सिस्टिमची दुरुस्ती-साधने तपासायची कशी: क्रॅश घडवण्यापासून निकालापर्यंत

नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये यंत्रांसाठी कंट्रोलर किंवा डेटा लॉगर बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांत एक चाचणी हमखास होते. यंत्र चालू असताना प्लग काढायचा, परत लावायचा, बूट झाल्यावर एफएसचेक (डिस्कवरच्या फाइलींची मांडणी, म्हणजे फाइल सिस्टिम, तपासणारा प्रोग्राम) ‘क्लीन’ म्हणतो का ते पाहायचे. दहा-वीस वेळा ‘क्लीन’ आले की अहवालात लिहायचे, ‘दुरुस्तीची सोय तपासली’.

प्रत्यक्षात तपासला गेला तो जर्नल, म्हणजे करायच्या बदलांची फाइल सिस्टिमने आधी लिहून ठेवलेली नोंद. ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर वीज गेली, तर पुढच्या माउंटला (ती वापरासाठी जोडताना) जर्नल पुन्हा खेळवला जातो आणि फाइल सिस्टिम सुसंगत होते. दुरुस्ती-साधनाला तिथे कामच उरत नाही. त्याचे काम सुरू होते ते जर्नलच्या हाताबाहेर गेलेल्या बिघाडात: खराब सेक्टर, फ्लशबाबत खोटे बोलणारी डिस्क (कॅशमधला डेटा कायमचा न उतरवताच ‘उतरवला’ म्हणणारी), मेमरीतली चूक, कर्नलमधला बग. म्हणून क्रॅश आणि नासधूस या दोन गोष्टी वेगळ्या घडवाव्या लागतात, त्याही ठरावीक क्रमाने. उदाहरणे मुख्यतः ईएक्सटी४ची आहेत. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस जिथे वेगळे वागतात तिथे तसे सांगितले आहे.

टप्पा १: प्रश्न ठरवा

तीन प्रश्न आहेत आणि एका चाचणीत एकच घ्यायचा.

पहिला, क्रॅशनंतर जर्नल खेळवल्यावर फाइल सिस्टिम निर्दोष होते का? दुसरा, मेटाडेटा (फाइलींची नावे, जागा, आकार यांची माहिती) बिघडला असेल तर साधन तो सुधारते का, आणि सुधारताना किती डेटा गमावते? तिसरा, दुरुस्ती चालू असतानाच वीज गेली तर? हा तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, पण वीज एकदा गेली की तासाभरात पुन्हा जाणार हे गृहीत धरावे.

टप्पा २: जागा आणि प्रतिमा तयार करा

1. व्हर्च्युअल मशीन घ्या. आत रूट अधिकार हवा आणि कर्नलमध्ये डिव्हाइस मॅपरचे (फाइल सिस्टिम आणि डिस्क यांच्या मधला थर) ‘लॉग-राइट्स’ (प्रत्येक लेखन नोंदवणारे) व ‘फ्लेकी’ (बिघडणाऱ्या डिस्कचे सोंग घेणारे) हे टार्गेट हवेत. लॉग-राइट्स कर्नल ४.१ पासून आहे. नोंदी पुन्हा खेळवणारा ‘रीप्ले-लॉग’ हा प्रोग्राम एक्सएफएसटेस्ट्स या चाचणी-संचाच्या सोर्समध्ये मिळतो. तो बिल्ड करून घ्यावा लागतो.

2. चाचणीच्या फाइल सिस्टिमसाठी २ जीबीची प्रतिमा (डिस्क म्हणून वापरायची फाइल) पुरते. लॉगसाठी वेगळी १६ ते २० जीबी जागा ठेवा, कारण एकाच ब्लॉकवर शंभर वेळा लिहिले तर लॉगमध्ये शंभर नोंदी डेटासकट साठतात. एक्सएफएस घेणार असाल तर ३०० एमबीपेक्षा लहान प्रतिमा करू नका, नव्या आवृत्त्या ती बनवूच देत नाहीत.

3. ब्लॉक साइज ४०९६ स्पष्टपणे सांगा. आपोआप ठरू दिली तर प्रतिमेच्या आकारानुसार ती बदलू शकते, आणि मग पर्यायी सुपरब्लॉकची (फाइल सिस्टिमच्या मूळ माहितीच्या राखीव प्रतीची) जागाही बदलते: ४०९६च्या ब्लॉकला पहिली पर्यायी प्रत ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर, १०२४च्या ब्लॉकला ८१९३ वर.

4. ईएक्सटी४ फॉरमॅट करताना इनोड टेबल (प्रत्येक फाइलच्या माहितीची नोंद, म्हणजे इनोड, ठेवणारा तक्ता) आणि जर्नल ‘लेझी’ पद्धतीने भरणे बंद करा; ‘लेझी-आयटेबल-इनिट’ आणि ‘लेझी-जर्नल-इनिट’ हे दोन्ही शून्य. नाहीतर माउंटनंतर कर्नल पाठीमागे इनोड टेबल भरत बसतो, लॉगमध्ये तुमच्या कामाशी संबंध नसलेल्या नोंदी मिसळतात आणि एकच चाचणी दोनदा सारखी चालत नाही.

⚠ इशारा: प्रतिमा ज्या डिस्कवर आहे त्याच डिस्कवर कार्यालयाचा कामाचा डेटा नको. डिव्हाइसच्या नावातले एक अक्षर चुकले की दुरुस्ती-साधनाची खरीच गरज पडते.

टप्पा ३: आत काय भरायचे

नुसत्या दोनशे फोटो-फाइली टाकून काही कळत नाही, कारण दुरुस्ती-साधने अडखळतात ती कोपऱ्यातल्या गोष्टींवर. निदान एवढे हवेच: एकाच डिरेक्टरीत तीस-चाळीस हजार फाइली, म्हणजे डिरेक्टरीची अनुक्रमणिका झाडासारखी वाढते; हार्ड लिंक; सिमलिंक, त्यातही ६० बाइटपेक्षा लांब असलेल्या, कारण त्या इनोडमध्ये मावत नाहीत; मध्ये रिकाम्या जागा असलेल्या विरळ फाइली; एक्स्टेंडेड अॅट्रिब्यूट; तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली मोठी फाइल; आणि उघडी असतानाच डिलीट केलेली फाइल. शेवटची विसरू नका. तिच्यामुळे ‘ऑर्फन’ यादी (नाव गेलेल्या पण अजून न पुसलेल्या फाइलींची) भरते आणि क्रॅशनंतर ती साफ करण्याचा कोड तपासला जातो.

नावे देवनागरीतही ठेवा. फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, अक्षरांची नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वार धरून, ३ बाइट घेते. ‘पिंपळगाव बसवंत’ हे नाव मधल्या जागेसह ४० बाइटचे होते. म्हणजे ८५ चिन्हांत मर्यादा संपते. द्राक्षांच्या शीतगृहाच्या तापमान-नोंदी किंवा लासलगावच्या लिलावाच्या पावत्या ‘गाव-व्यापारी-तारीख-प्रत’ अशा नावांनी साठवणाऱ्या प्रणालीत ही मर्यादा खरोखर गाठली जाते. दहा-वीस नावे मुद्दाम २५५ बाइटच्या काठावर ठेवा.

हे भरून झाले की अनमाउंट करा, ‘-एफ -एन’ पर्यायांनी (सक्तीने पूर्ण तपासणी, पण काही न बदलता) ई२एफएससीके, म्हणजे ईएक्सटी४चा एफएसचेक, चालवा आणि प्रतिमेचा एसएचए-२५६ हॅश (मजकुराचा ठसा) काढा. प्रत्येक फाइलचा मार्ग, आकार, लिंक-संख्या, परवानग्या आणि हॅश यांची यादी दुसऱ्या डिस्कवर ठेवा. मूळ प्रतिमा फक्त-वाचनीय करा. यापुढे हात लावायचा तो प्रतीला.

✔ तपासणी: साधनाचा एक्झिट कोड (संपताना परत दिलेला आकडा) ० आला का? आला नाही तर इथेच थांबा. सुरुवातच सदोष असेल तर पुढचा कोणताही निकाल ग्राह्य नाही.

टप्पा ४: वचनांची यादी

क्रॅशनंतर काय शाबूत असायलाच हवे हे क्रॅशच्या आधी लिहून ठेवावे लागते. नियम साधा आहे: ‘एफसिंक’ (हा डेटा आत्ताच डिस्कवर उतरवा, ही प्रोग्रामची मागणी) यशस्वी होऊन परतले, तर तो डेटा वाचलाच पाहिजे. परतले नसेल तर जुना, नवा किंवा गायब, काहीही चालेल.

चाचणीच्या प्रोग्रामने दर वेळी एफसिंक परतल्यानंतरच त्या फाइलचे नाव आणि हॅश वेगळ्या डिस्कवरच्या यादीत लिहावा. क्रम उलटा झाला तर निर्दोष फाइल सिस्टिम दोषी ठरते. नवी फाइल तयार केली असेल किंवा नाव बदलले असेल, तर डिरेक्टरीवरही एफसिंक करा. नुसती फाइल सिंक करून ‘नाव गायब झाले’ अशी तक्रार करणे हा या कामातला सर्वांत जास्त दिसणारा खोटा बग आहे.

ईएक्सटी४ नेहमीच्या सेटिंगमध्ये दर ५ सेकंदांनी जर्नल कमिट करतो, आणि साठलेला डेटाही कर्नल साधारण अर्ध्या मिनिटात आपोआप डिस्कवर उतरवतो. त्यामुळे ‘लिहिले, मिनिटभर थांबलो, प्लग काढला, सगळे होते’ या चाचणीत तुमचा प्रोग्राम एफसिंक करतो की नाही हे कधीच उघडकीला येत नाही.

टप्पा ५: क्रॅश घडवा

पद्धती अनेक आहेत आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

व्हर्च्युअल मशीनची प्रोसेस ‘किल -९’ने मारणे सर्वांना सोपे वाटते. पण पाहुण्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या, कर्नलने डिस्ककडे पाठवलेले लेखन यजमान मशीनच्या पेज कॅशमध्ये पोचलेले असते आणि ते तिथे टिकते. म्हणजे कर्नल मेला, वीज गेली नाही. कर्नलच्या ‘सिसआरक्यू’ला (थेट आदेश घेणारी सोय) ‘बी’ देऊन यंत्र तडकाफडकी रीबूट केले तरी तेच: डिस्कच्या स्वतःच्या कॅशला वीज मिळतच असते. दोन्ही पद्धती उपयोगी आहेत, पण त्यांना वीज जाण्याची चाचणी म्हणू नये.

फाइल सिस्टिमला ‘शटडाउन’ची सूचना देण्याचा मार्ग एक्सएफएस-आयओ या साधनातून मिळतो. तो वेगवान आहे, हजारो फेऱ्यांसाठी उत्तम, आणि जर्नल फ्लश करून की न करता हेही निवडता येते. डिस्क-कॅशचा प्रश्न यातही बाहेरच राहतो.

डीएम-फ्लेकीचा ‘ड्रॉप-राइट्स’ पर्याय ठरलेल्या क्षणापासून सगळे लेखन गुपचूप टाकून देतो आणि वरच्या थराला ‘झाले’ असे सांगतो. यात चूक एकाच जागी होते. टेबल बदलण्यासाठी ‘सस्पेंड’ करताना ‘नो-लॉक-एफएस’ दिले नाही, तर डिव्हाइस मॅपर आधी फाइल सिस्टिम गोठवतो, म्हणजे सगळे व्यवस्थित डिस्कवर उतरवतो. मग क्रॅश कसला? प्रत्येक फेरीत सगळे सुरक्षित दिसते आणि टीम खूश होते.

सर्वांत काटेकोर पद्धत डीएम-लॉग-राइट्सची. एकदाच काम चालवायचे आणि नंतर लॉगमधल्या हव्या त्या जागी ‘क्रॅश झाला’ असे मानायचे. क्रम असा:

1. प्रतिमा आणि लॉगची जागा लूप डिव्हाइसवर (फाइल डिस्कसारखी दाखवणारी सोय) लावा आणि त्या दोन्हींवर लॉग-राइट्सचे मॅपिंग तयार करा.

2. फॉरमॅट याच मॅपिंगमधून करा, थेट प्रतिमेवर नाही. थेट केले तर फॉरमॅटच्या नोंदी लॉगमध्ये येत नाहीत आणि पुन्हा खेळवताना पायाच नसतो. टप्पा ३ मधला मसालाही याच मार्गाने आत जायला हवा.

3. ‘डीएमसेटअप मेसेज’ वापरून लॉगमध्ये खूण करा: ‘फॉरमॅट झाले’. मग माउंट.

4. काम चालवा. एफएसस्ट्रेस (यादृच्छिक फाइल-कामे करणारा प्रोग्राम) वापरत असाल तर बीज आकडा (यादृच्छिक क्रम ज्यातून निघतो तो) ठरवून द्या आणि लिहून ठेवा. प्रत्येक एफसिंकनंतर यादीत नोंद आणि लॉगमध्ये त्याच नावाची खूण.

5. अनमाउंट, मॅपिंग काढा.

6. कोऱ्या, शून्यांनी भरलेल्या प्रतिमेवर लॉग सुरुवातीपासून हव्या त्या नोंदीपर्यंत खेळवा. प्रत्येक फ्लश किंवा एफयूए (कॅशमध्ये न थांबता थेट डिस्कवर लिहिण्याच्या) नोंदीवर थांबून त्या क्षणाची प्रत घ्या.

⚠ इशारा: नोंद क्रमांक ९०००पर्यंत खेळवलेल्या प्रतिमेवरच परत ४००० पर्यंत खेळवू नका. पुढच्या काळातला मेटाडेटा मागे शिल्लक राहतो. एक्सएफएसचा जर्नल मेटाडेटावरचा क्रमांक पाहून ‘हा ब्लॉक आधीच नवा आहे’ असे समजतो आणि तो वगळतो. जो बग अस्तित्वातच नाही त्यामागे आठवडा जातो.

लॉग क्रमाने खेळवल्यावर फक्त ‘इथपर्यंतचे सगळे पोचले’ अशा अवस्था मिळतात. खरी डिस्क दोन फ्लशच्या मधले लेखन कोणत्याही क्रमाने उतरवू शकते. म्हणून शेवटच्या फ्लशनंतरच्या नोंदींपैकी काही यादृच्छिकपणे गाळून आणखी अवस्था तयार करा; बीज आकडा इथेही लिहून ठेवा. फ्लशच्या आधीची एकही नोंद गाळायची नाही. ती गाळली तर क्रॅश नव्हे, खोटारडी डिस्क तपासली जाते, आणि ती चाचणी वेगळ्या नावाने नोंदवावी.

टप्पा ६: आधी जर्नल, मग तपासणी

सर्वाधिक चुका इथे होतात.

पहिली चूक: ‘नुसते बघू’ म्हणून प्रत फक्त-वाचनीय माउंट करणे. फक्त-वाचनीय माउंटही जर्नल खेळवते, म्हणजे प्रतिमा बदलते. खरोखर न बदलता पाहायचे तर ब्लॉक डिव्हाइसच फक्त-वाचनीय करा आणि ईएक्सटी४ला ‘नोलोड’, एक्सएफएसला ‘नोरिकव्हरी’ द्या.

दुसरी चूक याच्या उलट. क्रॅश झालेल्या प्रतीवर थेट ‘-एन’ने ई२एफएससीके चालवले की तो जर्नल वगळतो, तशी सूचनाही छापतो, आणि मग डझनभर दोष दाखवतो. ते दोष नाहीत. जर्नलमध्ये थांबलेले काम आहे.

बरोबर क्रम: प्रत घ्या, ‘-ई जर्नल-ओन्ली’ पर्यायाने (हा ई कॅपिटल) फक्त जर्नल खेळवा, त्यानंतर ‘-एफ -एन’ने पूर्ण तपासणी. ऑर्फन यादीतल्या फाइली साफ करण्याचे काम या टप्प्याला शिल्लक दिसू शकते, ते माउंट-अनमाउंट करून उरकते. त्यानंतरही दोष दिसले तर तो फाइल सिस्टिमचा किंवा खालच्या थराचा दोष आहे. दुरुस्ती-साधनाच्या खात्यावर तो लिहू नका.

एक्सएफएसमध्ये माउंट करून अनमाउंट केले की जर्नल खेळवला जातो, मग ‘-एन’ने एक्सएफएस-रिपेअर. लॉग शिल्लक असताना हे साधन दुरुस्ती करायला नकार देते. तो नकार बरोबर आहे. स्क्रिप्टमध्ये सरसकट कॅपिटल एल घालून तो गप्प करणारे लॉगच पुसून टाकतात आणि नंतर डेटा गेल्याचे खापर साधनावर फोडतात.

✔ तपासणी: वचनांच्या यादीतल्या, या क्षणाच्या खुणेपर्यंतच्या सर्व फाइलींचे हॅश जुळले का? जुळले तरच पुढे.

टप्पा ७: नासधूस

जर्नल खेळवून स्वच्छ झालेल्या प्रतीवरच बिघाड करा. जर्नल शिल्लक असताना एखादा ब्लॉक बिघडवला आणि त्याच ब्लॉकची प्रत जर्नलमध्ये असली, तर पुढच्या वेळी जर्नल तुमचा बिघाड पुसून टाकतो. अहवालात मात्र साधनाचे कौतुक होते.

बिघाडाचे दोन प्रकार करा. मेटाडेटा चेकसम (पडताळणी-संख्या) चालू असताना डीडी या कॉपी-प्रोग्रामने थेट प्रतिमेत कचरा लिहिला की चेकसम जुळत नाही आणि साधनाला लगेच सुगावा लागतो. ईएक्सटी४चे आतले भाग बदलणारे साधन डीबगएफएस, त्यात ‘-डब्ल्यू’ने प्रतिमा उघडून बदल केले तर ते चेकसमही नव्याने लिहिते, म्हणजे कागद नीट, मजकूर खोटा. दुसरा प्रकार अवघड आहे आणि साधनाची खरी परीक्षा तोच घेतो.

एका प्रतीत एकच बिघाड, आणि अपेक्षित निकाल आधी लिहून:

– एखाद्या डिरेक्टरीचा इनोड डीबगएफएसच्या ‘सीएलआरआय’ आदेशाने पुसा. आतल्या फाइली लॉस्ट-अँड-फाउंड (बेवारस फाइली ठेवायच्या डिरेक्टरी) मध्ये ‘#’ आणि इनोड क्रमांक अशा नावाने यायला हव्यात. नावे जातील, मजकूर जायला नको.
– लिंक-संख्या बदला. ई२एफएससीके पाच पासमध्ये, म्हणजे फेऱ्यांत, तपासतो; चौथ्या पासमध्ये ती सुधारली जावी, एकही बाइट न गमावता.
– वापरात असलेला ब्लॉक डीबगएफएसच्या ‘फ्रीबी’ने मोकळा दाखवा. पाचव्या पासमध्ये दिसावा.
– दोन फाइलींना एकच ब्लॉक द्या. साधन बहुधा ब्लॉकची प्रत करून दोघींना वेगळे करते. दोघींपैकी एकीचा मजकूर चुकीचा असणारच. कोणती, हे तुम्हाला आधी माहीत हवे.
– मुख्य सुपरब्लॉक पुसा. तो सुरुवातीपासून १०२४ बाइटवर असतो, लांबी १०२४ बाइट. साधन पर्यायी प्रत स्वतः शोधते. तरी एकदा ३२७६८ हाताने देऊनही पाहा.

⚠ इशारा: प्रतिमा-फाइलवर डीडी करताना ‘कॉन्व्ह=नोट्रंक’ हवेच. नाहीतर फाइल त्याच जागी कापली जाते आणि २ जीबीची प्रतिमा २ केबी उरते.

एकेक बिघाड झाल्यावर जोड्या करा. सुपरब्लॉक आणि ग्रुप डिस्क्रिप्टर (ब्लॉकच्या प्रत्येक गटाची नोंद) एकत्र, डिरेक्टरी आणि तिचा पालक एकत्र. साधने कोलमडतात ती बहुतेक जोड्यांवर.

टप्पा ८: दुरुस्ती चालवा

प्रत्येक बिघाडाच्या दोन प्रती घ्या: एकीवर ‘-पी’ (सुरक्षित तेवढेच आपोआप सुधारा), दुसरीवर ‘-वाय’ (प्रत्येक प्रश्नाला ‘हो’). बूटच्या वेळी सहसा ‘-पी’ चालते आणि अवघड ठिकाणी ते माणसाला हाक मारून थांबते. गोदामात कोपऱ्यात बसवलेल्या, पडदा-कीबोर्ड नसलेल्या डबीला हाक ऐकणारा माणूस कुठला? हा निर्णय चाचणीतूनच निघतो.

एक्झिट कोड बेरजेच्या स्वरूपात येतो: ० दोष नाही, १ दोष सुधारले, २ सुधारले पण रीबूट हवे, ४ दोष शिल्लक, ८ साधनालाच काम करता आले नाही. ‘शून्य नाही म्हणजे नापास’ असे स्क्रिप्टमध्ये लिहिले तर उत्तम दुरुस्तीही नापास होते. ‘-झेड’ देऊन अनडू फाइल ठेवा. कोणते ब्लॉक बदलले ते नंतर पाहता येते. वेळेची मर्यादाही घाला, कारण न संपणारी दुरुस्ती हाही दोषच आहे.

टप्पा ९: निकाल

‘क्लीन’ हा निकाल नाही. सगळ्या फाइली उडवून टाकल्या तरी फाइल सिस्टिम क्लीनच असते.

साधन लगेच दुसऱ्यांदा ‘-एफ -एन’ने चालवा, कोड ० हवा, दुसऱ्या फेरीत नवे दोष निघाले तर पहिली दुरुस्ती अर्धवट होती. मग माउंट करून टप्पा ३ आणि ४ च्या याद्यांशी हॅश जुळवा, लॉस्ट-अँड-फाउंडमधल्या फाइली हॅशवरून ओळखा आणि चार रकाने भरा: शाबूत, नाव गेले पण मजकूर आहे, मजकूर बदलला, गायब. तिसरा रकाना सर्वांत घातक. गायब फाइल लक्षात येते, बदललेला तापमानाचा आकडा येत नाही. शेवटी काही हजार फाइली तयार करा, काही पुसा, अनमाउंट करा आणि पुन्हा तपासा. ब्लॉक-बिटमॅपमधली राहिलेली चूक नवे लेखन सुरू झाल्यावरच डोके वर काढते.

टप्पा १०: दुरुस्तीच्या मध्येच क्रॅश

बिघडवलेल्या प्रतीवर लॉग-राइट्सचे मॅपिंग लावा आणि त्यावर दुरुस्ती चालवा. या वेळी पाया कोरी प्रतिमा नाही, बिघडलेली प्रत आहे. प्रत्येक थांब्यासाठी तिची ताजी प्रत घेऊन लॉग खेळवा. मग साधन पहिल्यापासून चालवा. शेवट स्वच्छ व्हायला हवा आणि ‘गायब’ रकाना अखंड दुरुस्तीपेक्षा वाढायला नको.

बीटीआरएफएससाठी दोन गोष्टी. त्याची तपासणी मुळात फक्त वाचते. ‘रिपेअर’ पर्याय धोक्याचा मानला जातो, तो प्रतीवरच. आणि एकाच यूयूआयडीच्या (फाइल सिस्टिमचा ओळखक्रमांक) दोन प्रती एका वेळी यंत्राला जोडू नका, कर्नल त्यांची गल्लत करू शकतो. एक्सएफएस दुसरी प्रत माउंट करायला नुसता नकार देते; तिथे ‘नोयूयूआयडी’ द्या.

नोंदवही आणि बग पाठवणे

प्रत्येक नापास फेरीसाठी कर्नल व साधनाची आवृत्ती, फॉरमॅटचे पर्याय, बीज आकडे, लॉगमधला नोंद क्रमांक आणि बिघाडाचा ब्लॉक, बाइट, जुनी व नवी किंमत लिहा. बग पाठवताना पूर्ण प्रतिमा लागत नाही. ई२इमेज किंवा एक्सएफएस-मेटाडंपने फक्त मेटाडेटा काढता येतो. एक्सएफएस-मेटाडंप बहुतेक नावे आपोआप अस्पष्ट करते. ई२इमेज करत नाही, तिथे ‘-एस’ द्यावे लागते. ग्राहकाच्या प्रतिमेवर काम करत असाल तर व्यापाऱ्यांची नावे असलेल्या फाइली परक्या सर्व्हरवर जाण्याआधी हा पर्याय दिला आहे ना, हे दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

प्लग काढण्याची चाचणी यानंतर करा, रिलेने वीज तोडून, विक्रीला जाणाऱ्या नेमक्या त्याच डिस्क किंवा कार्डवर. वचनांची यादी त्या वेळी नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रात जायला हवी. त्या यंत्राला यूपीएस लावा.